भाकरीवरचे दात

तारामती दिवेलागणीला कुत्र्यासारखी भुंकायला लागली, तेव्हा तिचे सासरे अण्णाराव यांनी सरळ मुखेडहून हकीम आणवला. निजामाच्या अमलातले पोलिसपाटील, उर्दू मिडलपर्यंत शिकलेले. भानामती वगैरे त्यांना कधी पटलंच नव्हतं. पोटुशी पोर आहे, अंगात रक्त नाही, असं सांगून हकीम शरबताची बाटली देऊन गेला. तारामती भुंकतच राहिली.

मग गावाने गंगव्वाचं नाव काढलं. दुसरं कुणाचं काढणार? ना नवरा, ना मूल, वेशीपाशी एकटी राहायची, वर तोंडाने फटकळ. अण्णारावांची आई बाळंतपणात गेली, तेव्हा नुकतंच स्वतःचं लेकरू गमावलेल्या याच गंगव्वाने त्यांना अंगावर पाजलं होतं. ते मात्र कुणाला आठवेना.

भानामती करणारीचे पुढचे दात उपटायचे, म्हणजे तिला मंत्र धड म्हणता येत नाही, अशी त्या मुलखातली रीत. पण ज्याच्या घरात बाधा, हुकूम त्यानेच द्यायचा. चावडीत लोहार पक्कड घेऊन उभा राहिला.

"बोला पाटील," गावचा म्हातारा महादेवप्पा म्हणाला. "सून पोटुशी हाय. उद्या काय इपरीत झालं मंजी?"

गंगव्वा अण्णारावांकडे बघत होती. घाबरलीसुद्धा नव्हती बिचारी. आपला अण्णा बसलाय, तो कसा करू देईल?

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सगळं गाव तोंडाकडे बघत होतं आणि पाटलांना घाम फुटला.

"करा," ते म्हणाले, आणि खांबाकडे तोंड करून उभे राहिले.

भुंकणं थांबलं. गावाने मारुतीपुढे नारळ फोडला, पाटलांना हार घातला. तो हार गळ्यात घेताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाही सरला नसेल. तारामतीने ताटात वाढलेल्या भाकरीचा एक घास तुटलेला होता. कडेला दातांची खूण स्वच्छ उमटलेली, एका दातावर दुसरा चढलेला.

"उष्टी भाकर वाढतीस व्हय गं?"

"न्हाई हो मामंजी! आत्ताच तव्यावरनं काढली."

टोपल्यातली दुसरी घेतली. तिलाही तसाच चावा. खालचीलाही. दातांवर दात चढलेलं ते हसणं अण्णारावांनी जन्मभर पाहिलं होतं.

ते गंगव्वाकडे गेले. ती दारात उन्हाला बसून ताकात कुस्करलेली भाकर बोटाने चाटत होती. अण्णारावांनी तिचे पाय धरले.

"चुकलो गं. माफ कर. पण हे थांबीव."

"म्या काय थांबवू, बाबा?" तिच्या ओठांतून नुसता वारा सुटत होता. "म्या तर गिळून राहिले. दात तुमीच नेले न्हवं?"

लाजेने त्यांना वर बघवेना. ती मात्र त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

तारामतीला मुलगा झाला. त्या दिवसापासून भाकऱ्या चांगल्या निघायला लागल्या.

बारशाच्या दुपारी ती लेकराला कवटाळून बाहेर आली. तिने दुपटं सरकवलं.

कोवळ्या मांडीवर खूण होती.

दुसऱ्या दिवशी पोटरीवर. मग दंडावर.

"मामंजी, माझं लेकरू वाचवा हो!"

अण्णारावांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. झोळीशी बसले, बाही वर सारली आणि उघडा दंड लेकराच्या आड धरला.

"मला चाव, गंगव्वा. मी म्हटलं 'करा', मी. यानं काय केलंय?"

कौलाच्या फटीतून ऊन पडलं होतं. घरात चिटपाखरूही नव्हतं.

ते वाट बघत राहिले. दंडाला रग लागली, तरी हलवला नाही.

झोळीत लेकरू किंचाळलं.

अण्णारावांनी दंड उन्हात धरला, उलटापालटा करून पाहिला. कातडीवर साधा ओरखडाही नव्हता.