केळीवर तीन घाव

उमंग कामाला बसला की कानाला हेडफोन असायचाच. त्यात जुन्या व्हिडिओ गेम्सचं संगीत. ते टिंगटिंग-ढॅणढॅण चालू झाल्याशिवाय पठ्ठ्याचं डोकं चालत नसे. चांगली नोकरी सोडून गिरीज गावातल्या घरी ओटीवर टेबल टाकून तो एकट्यानं गेम बनवत होता. एक योद्धा गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, लढतो, अशी ती गोष्ट. शेजारीपाजारी विचारायचे, "सावित्री, पोरगा करतो काय गं?" आई म्हणायची, "खेळतो." आणि त्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढायची.

बाबा गेल्यापासून केळीची वाडी तीच एकटी ओढत होती. उमंगचा तिच्यावर भारी जीव. म्हणून तर गेममध्ये त्यानं तिला घातलं होतं. वेशीवर बसलेली केळीवाली, तोच चष्मा, तीच एका बाजूला कललेली मान. दमलेल्या योद्ध्याला ती केळं देते आणि त्याच्या अंगात पुन्हा बळ येतं.

लढाईची धून तर अशी जमली होती की धाकटी बहीण मेघना भांडी घासताना तीच गुणगुणायची. अडलं होतं एका आवाजावर. तलवार मांसात शिरल्याचा आवाज. इंटरनेटवर मिळाले ते सगळे पुचाट. मग त्याला केळीचं खोड आठवलं. लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, उतरवलं की ती केळ कोयत्यानं पाडतात, कारण ती पुन्हा फळत नाही. आईनं तशा काही दाखवल्या. यानं मायक्रोफोन लावून घाव घातले. आवाज आला तो पिचका, पोकळ.

"भरलेली एक पाडू का, आई?"

"व्यायलेली? वेड लागलंय का तुला? अंगावर लोंगर असलेल्या केळीला कोयता लावतात का कुणी? तुझ्या आज्यानं कधी लावला नाही."

आई बाजारात गेली आणि यानं लावला. पहिला घाव आडवा, दुसरा तिरका. खोड थरथरलं, गार पाणी तोंडावर उडालं. तिसरा त्यानं खालून वर हाणला, त्याचा योद्धा हाणतो तसा. केळ लोंगरासकट कोसळली, कोवळी फळं चिखलात चेंगरली. पण आवाज! शेवटच्या घावानंतर एक लांब, ओला उसासा होता आणि तो लढाईच्या धुनेच्या सुरात अचूक बसत होता. ओटीवर येऊन ऐकताना उमंग खुर्चीतच नाचला. आई त्या दिवशी जेवली नाही.

तो आवाज त्यानं गेममध्ये सगळ्यांना लावून टाकला. लांडगा असो, दरोडेखोर असो, मार खाणाऱ्याचा आवाज एकच. मग गेमचा पहिला भाग फुकट वाटला. लोकांनी उचलून धरला.

आणि वाडीत केळी पडलेल्या दिसू लागल्या. व्यायलेल्याच नेमक्या. कुणाची गाभ्यापर्यंत चिरफाड झालेली, कुणाचं लोंगर तुटून लांब फेकलेलं. "कुणाच्या डोळ्यांत खुपतोय रे आपण?" आई कपाळावर हात मारून घ्यायची. उमंगही आधी शेजाऱ्यांवर चिडला. मग त्यानं एक खोड वाकून नीट पाहिलं. एक घाव आडवा, एक तिरका, एक खालून वर. केळीला खालून वर कोण मारतं?

त्याच दुपारी तो वाडीत पानं ओढत होता. मेघना ओटीवर गेम खेळत होती. वारा पडलेला. समोरच्या केळीच्या खोडात आडवी चीर गेली. जवळ कुणी नव्हतं. चिरेतून पाणी भळभळलं.

"मेघना! थांबव!"

तिच्या कानाला हेडफोन. दुसरी चीर तिरकी गेली. उमंग धावत सुटला. मागे खोड फाटल्याचा आवाज आला, आणि तो उसासा. त्यानं येऊन वायरच उपटली.

"ए दादा! लांडगा आत्ताच मेला ना यार!"

त्यानं आवाज काढून टाकला. नवा गेम पाठवला, जुना पुसून टाका म्हणून लोकांच्या पाया पडला. लोक हसले. जुनाच आवाज भारी आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कल्पेश दिसला. नायगावच्या टॉवरमधला हा पोरगा गेम खेळताना स्वतःला लाइव्ह दाखवायचा. आज तो जुनाच गेम खेळत होता. उमंगनं ओटीवर मोबाईल धरला होता. समोर वाडीत आई पडलेली खोडं गोळा करत होती.

"गाइज, ही केळीवाली बघा. हिला मारता येतं का? ट्राय करू या."

गावच्या म्हातारीवर कुणी तलवार उगारेल, हे उमंगच्या ध्यानीमनी नव्हतं. अडवणारं काही त्यानं लिहिलंच नव्हतं. त्यानं घाईघाईत कमेंट टाकली. नको मारू. ती माझी आई आहे.

"डेव्हलपर म्हणतोय आई आहे! सो क्यूट!"

फसक. आडवा.

फसक. तिरका.

"आईऽ!" उमंग ओरडला.

"अरे, अजून जिवंत आहे!" कल्पेश हसला. "थांबा, मम्मी जेवायला बोलावतेय. आलो की संपवतो हिला."

खुर्ची रिकामी झाली. धून चालूच राहिली. उमंगनं कमेंटवर कमेंट टाकल्या. वाचायला तिथे कुणी नव्हतं.

आई पदरानं मान पुसत ओटीवर आली. "ओरडायला काय झालं? चीक उडलाय बघ मानेवर. निघतच नाही मेला."

मानेवर दोन काळ्या रेघा. एक आडवी, एक तिरकी. उमंगनं बोट लावलं. रेघेतून पाणी आलं, चिकट. रक्त नव्हतं.

"दुखतंय का गं?"

"नाही रे. गार वाटतंय नुसतं." तिनं मोबाईलकडे मान कलती केली. "ही तुझीच ना रे धून? गोड आहे हो."

ती गुणगुणू लागली. तिसरा घाव खालून येणार होता. उमंगनं दोन्ही हातांची ओंजळ करून तिच्या हनुवटीखाली धरली.

"हे काय रे, वेड्या?" आई हसली.

मोबाईलमध्ये खुर्ची करकरली.