पंपाचा वेग कोणी कमी केला?

"माझ्या घरातच कोणीतरी माझ्या कामाच्या मुळावर उठलंय," असं म्हणत ॲनिमेटर मुलीने गुप्तहेरबाईंना आपल्या खोलीत आणलं. मागून बाईंचे सोबती, निवृत्त मास्तर, धापा टाकत आले.

टेबलावर काचेच्या पेटीत संगणक होता. आतल्या नळ्यांतून निळं पाणी फिरत होतं.

"हा पंप पाणी फिरवतो, म्हणून मशीन थंड राहतं. पंपामागच्या चकतीवर एक ते पाच आकडे आहेत. मी पाचवर ठेवते. दुपारी मशीन कामाला लावून तासभर फिरायला जाते. परत येऊन बघावं तर चकती कधी दोनवर, कधी तीनवर! या आठवड्यात तीनदा मशीन तापून बंद पडलं. शुक्रवारी फिल्म द्यायचीय. शिवाय आईच्या आवाजाच्या कॅसेटी यातच उतरवून ठेवल्यात." तिने पेटीवर हात ठेवला. "आई जाऊन वर्ष झालं. मला अजून त्या ऐकवत नाहीत."

"संशय कोणावर?"

"ताईवर. ती नर्स आहे. रात्रपाळी करून शेजारच्या खोलीत झोपते. या घरघरीवरून आमचं वाजलं. पंधरा दिवस बोलणं बंद आहे."

बाईंनी पाहिलं, स्पीकरचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला होता. खुर्ची स्पीकरला चिकटून होती.

"हे तुमचं काम?"

"छे! मी हेडफोन लावते."

बाईंनी घरच्यांना विचारलं. मुलीचा नवरा हसला. "दुपारी मी ऑफिसात असतो. आणि पंप मीच बसवलाय. बंदच पाडायचा असता तर वायर काढली असती की!"

ताई मात्र चिडली. "दहा दिवस झाले, माझी दिवसपाळी आहे. दुपारी घरी असते कुठे मी? पण तिने विचारलं तर ना!"

दोघी बहिणींचे बाबा गच्चीत बसले होते. शहराच्या पंपघरात त्यांची तीस वर्षं गेली होती. कानही तिथेच गेले होते. बाईंनी वेळ विचारली. त्यांनी दोनदा विचारायला लावलं, मग घड्याळ नाकापाशी धरलं. "मोतीबिंदू पिकलाय. नीट दिसत नाही."

बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"ताईच!" मास्तर कुजबुजले.

"नाही, मास्तर. वाईट करायचं असतं तर चकती सरळ एकवर ठेवली असती. ती रोज वेगळ्या आकड्यावर सापडते. म्हणजे कोणीतरी वेग कमी करतं आणि पुन्हा पाचवर न्यायला बघतं, पण त्याला आकडे दिसत नाहीत. त्याला ऐकूही कमी येतं, म्हणून आवाज वाढवून खुर्ची जवळ ओढतं. पंपाची घरघर तरीही आड येते. या मशीनमध्ये त्या माणसाने जिवाचा कान करून ऐकावं असं काय आहे?"

सगळ्यांची नजर बाबांकडे गेली.

"तुझी आई फार हळू बोलायची गं," ते म्हणाले. "पंप जोरात असला की तिचे शब्दच हरवतात. मशीन बंद पडतं हे ठाऊक नव्हतं. घरघरीवरून तुम्हा बहिणींचं भांडण झालं, तेव्हा तरी ती मलाही आड येते हे बोलायला हवं होतं. लाज वाटली. म्हाताऱ्याने असं चोरून ऐकायचं म्हणजे..."

मुलगी ताईकडे वळली. "ताई, चुकलंच माझं."

"ते नंतर बघू," ताईने डोळे पुसले.

मुलीने चालू काम थांबवलं. मग पंपाची चकती अलगद एकवर आणली. घरघर विरली.

"आता तापणार नाही," ती म्हणाली. "लावा, बाबा. मलाही ऐकायचंय."

बाई मास्तरांचा हात धरून बाहेर पडल्या. दार लावता लावता मास्तरांनी वळून पाहिलं. बाबा आणि दोघी लेकी एकाच स्पीकरशी डोकी लावून बसली होती, आणि आतून एक बारीक, हसरा आवाज विचारत होता, "चालू झालं का हो हे?"