चारूला घेऊन बोटीनं

"मावशी, पाणी लई हालायलंय…"

चारू असं म्हणाली आणि कठड्याशी उभा असलेला एक तरुण झटकन वळला.

"उमरग्याकडच्या का तुम्ही?"

मी दचकले. मुंबईहून रत्नागिरीला निघालेली बोट, भोवती सगळा कोकणी गलका. "तुम्हाला कसं कळलं?"

"'हालायलंय' म्हणणारं माणूस दुसरीकडं कुठं मिळतंय?" तो हसला. "मी तिथल्याच जवळच्या मुरूमचा, मल्लिनाथ. सोलापुरात एका दवाखान्यात कंपाउंडर हाय. भावाकडं निघालोय."

ते साल अठ्ठावन्न. मी शिवकांता, चोवीस वर्षांची, उमरग्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. आठ वर्षांची चारुशीला माझ्या थोरल्या बहिणीची लेक. बहीण बाळंतपणातच गेली. मेहुणे सरकारी कारकून. छप्पन्न साली आमचा भाग हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, तशी त्यांची बदली रत्नागिरीला झाली, आणि तिथंच त्यांनी दुसरा संसार मांडला. चारू माझ्याजवळ राहिली… तिच्या मधुमेहासकट. रोज सकाळी सुई उकळायची, इन्सुलिन टोचायचं.

"पोरगी तिच्या बापाकडं सोडून ये," माझ्या वडलांनी, आण्णांनी, सांगितलं होतं. "तिच्यापायी तुझं लग्न अडलंय."

चारूला मात्र मी एवढंच सांगितलं होतं, की आपण समुद्र बघायला चाललोय.

"काका, तुमचं लग्न झालंय का?" तिनं विचारलं.

"चारू!"

"न्हाय, बाई," तो गंभीरपणे म्हणाला. "सुया टोचणाऱ्याला कोण पोरगी देतंय?"

"मावशी पण टोचती. मला. रोज."

त्याचं हसू विरलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "साखर?" इतक्या हळू विचारलं, की ते फक्त मलाच ऐकू आलं. मी मान हलवली… आणि का कुणास ठाऊक, डोळे भरून आले.

दुपारी वारा सुटला, बोट डोलू लागली. चारूला उलट्या झाल्या. सकाळचं सगळं खाल्लेलं गेलं. मग तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ती काहीबाही बरळू लागली.

"सुई दिली होती ना सकाळी?" मल्लिनाथ धावत आला. "साखर पाजा, लवकर!"

"साखर? डॉक्टरांनी तर दाणासुद्धा…"

"पोटात अन्न न्हाय, औषध तेवढं चाललंय. आत्ता साखरच पाहिजे!"

तो चहावाल्याकडून मूठभर साखर घेऊन आला. पाण्यात कालवून चमचा चमचा तिच्या ओठांत सोडत राहिला. अर्ध्या तासानं चारूनं डोळे उघडले. "गोड हाय…" म्हणाली. मी रडत होते. त्यानं आपला रुमाल पुढं केला, आणि दुसरीकडं पाहत उभा राहिला.

रत्नागिरीला मेहुणे घ्यायला आले होते. मी त्यांना म्हणाले, "चार दिवस राहू. मग चारूला परत नेणार."

आम्ही दोघी उमरग्याला परतलो, आणि त्यानंतर चारूचं इन्सुलिन सोलापूरहून, मल्लिनाथच्या दवाखान्यातून येऊ लागलं. दर महिन्याला एका रविवारी मल्लिनाथ स्वतः घेऊन यायचा.

"कंडक्टरच्या हाती पाठवलं तरी चाललं असतं," मी एकदा म्हणाले.

"चाललं असतं. पण त्याला तुम्ही चहा दिला असता का?"

"त्यानं बिनसाखरेचा मुकाट्यानं प्यायला असता तर… दिला असता."

चारू खुदकन हसली. मी चूल फुंकत बसले, उगाचच.

असं दीड वर्ष गेलं. मग एका रविवारी त्यानं कप खाली ठेवला, पण उठला नाही.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय. आईला सांगितलंय. ती म्हणती… सून पसंत हाय. पण पोरीला बापाकडं जाऊ द्या."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

तो जमिनीकडं पाहत राहिला. "मला थोडा वेळ द्या."

"घ्या," मी म्हणाले.

औषध येत राहिलं. पण कंडक्टरच्या हाती.

एकसष्टच्या श्रावणात चारूच्या पायाला फोड आला, ताप चढला. बसनं सोलापूरला नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. मल्लिनाथ तीन दिवस तिच्या उशाशी बसून होता. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. अकरा वर्षांची होती.

दिवाळीनंतर एकदा तो उमरग्याला आला; शाळेच्या मधल्या सुट्टीत मी घरी आले होते. वाळला होता.

"आई हो म्हणाली. आता काही अडचण…"

शब्द तोंडातून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला. मी वाट पाहिली.

"ती होती तेव्हा विचारायचं होतं, मल्लिनाथ." त्याचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं.

"माझं चुकलं."

"माझं प्रेम हाय तुमच्यावर. तेव्हाही होतं. पण तुमच्या घरात रोज मला वाटंल… ती गेली म्हणून मला जागा झाली. असा संसार न्हाय व्हायचा माझ्यानं."

त्यानं तळहातानं डोळे पुसले. ते मी पुसावेत असं फार फार वाटलं… हात मात्र मांडीवरच राहिले.

स्टँडवर त्याच्यासोबत गेले. लोक बघत होते, बघू दिलं.

"ऊन लागंल, जा आता," तो खिडकीतून म्हणाला.

"जाते."

पण बस सुटून वळणाआड जाईपर्यंत मी हलले नाही. तोही मान वळवून बघत राहिला होता. धुरळा खाली बसला, तेव्हा शाळेची मधली सुट्टी संपत आली होती.