पाऊण तासाच्या नोंदी

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे एक वर्ग आणा. पूर ओसरून चार दिवस झालेत, शाळेची छावणी झाली आहे. भिंतीवर फळ्याच्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ, आणि बाहेर ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा.

त्या वर्गात दहा वर्षांची एक मुलगी पेटी राखत बसली होती. पेटीत रक्त तपासायचं छोटं यंत्र नि त्याच्या पट्ट्या. पेटी गार राहावी म्हणून भोवती ओलं गोणपाट. रक्त तपासणारी तिची मावशी दुसऱ्या छावणीत जाताना बजावून गेली होती, "दर पाव तासाने गोणपाट भिजव आणि पेटीचं तापमान वहीत लिही. नोंद हुकली, तर पट्ट्यांचा भरवसा गेला. नव्या यायला दोन दिवस लागतील."

दोन दिवस फार होते. शेजारच्या वर्गात मुलीचा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता, आणि ताप कसला ते कळल्याशिवाय औषध ठरत नव्हतं.

दोनची नोंद तिने केली. मग कुठेतरी माशी घोंगावत राहिली, घोंगावत राहिली, आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा तीनला पाच कमी. तिने घाईने पाण्याचा मग उचलला.

पण गोणपाट निथळत होतं. त्याला नदीच्या गाळाचा वास होता. वहीत तीन नवे आकडे होते, मोठे, वाकडे. प्रत्येकाशेजारी बोटाचा ओला ठसा.

मावशी आली.

"हे मी नाही लिहिलं गं. मी झोपले होते."

"झोपेत लिहिलंस मग. कोंबडी नाचल्यासारखं." मावशी हसली आणि ठशाशेजारी आपलं बोट धरून पाहिलं. ठसा तिच्या नखाएवढा होता.

पुढे ती हसली नाही.

उत्तर आधीच ठाऊक असलेला एकच नमुना उरला होता. पट्ट्या शाबूत आहेत का ते पाहायला तो तिने यंत्रात घातला. उत्तर बरोबर आलं. मग भावाचं रक्त. औषध ठरलं, आणि संध्याकाळी त्याच्या कपाळाला घाम फुटला.

दुसऱ्या दुपारी मुलगी टक्क जागी होती. दोनची नोंद करून तिने पाण्याचा मग जमिनीवर ठेवला, लहान हाताला पोचेल असा. वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'तुझं नाव काय?' पेन्सिल शेजारी ठेवली.

मग भिंतीकडे तोंड करून बसली. पाठीमागे थेंब टपटपू लागले, तरी तिने वळून पाहिलं नाही.