फ्लॉरेन्सचा पासपोर्ट

मेणबत्ती राहू दे रे मार्कस, वाऱ्याने विझेल आणि मग अर्धा तास काडेपेटी शोधत बसशील. बहारीनमधल्या ह्या जिदहफ्सची लाईट गेली की दोन तास येत नाही, हे मला सतरा वर्षांत कळलंय. गच्चीवर निदान वारा तरी आहे. बसा गप.

खालच्या मजल्यावरच्या ग्रेसीचं तुम्ही आत्ता विचारलंत ना, ती बापाशी इतकी तुटक का बोलते म्हणून? सांगतो. पण मध्ये मध्ये 'अंकल, इज इट ट्रू?' करायचं नाही. तिच्या बापाचं, विल्फ्रेडचं, आणि माझं घर वसईला एकाच आळीत. त्याने मला आयुष्यात दोनदाच उसने पैसे मागितले आणि एकदाही खोटं सांगितलं नाही. नेमकं तेच त्याला नडलं.

काम अगदी साधं होतं. एकोणीसशे पंच्याऐंशीचा जानेवारी. विल्फ्रेड पोरीचा पासपोर्ट काढायला गेला.

विल्फ्रेड अस्करजवळच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात स्टोअरकीपर. त्याचा डच साहेब रिटायर होऊन हॉलंडला परत गेला, आणि जाताना म्हणाला, माझी कॅम्पर व्हॅन घराशी पडून असते, उन्हाळ्यात ये आणि महिनाभर फिरव. कॅम्पर व्हॅन म्हणजे काय? गाडीतच बिछाना, गाडीतच स्टोव्ह. जिथे थांबाल तिथे घर. विल्फ्रेडने ते इतकं मनावर घेतलं की कंपनीतून पंधरा मे ते पंधरा जूनची लीव्ह आधीच सँक्शन करून आणली. कारण ग्रेसी तेव्हा दहावीला होती. दहावी झाली की ती वसईला आत्याकडे, कॉलेजला. मग पोरगी वर्षातून एकदा दिसणार. बायको गेलेली. हा एक महिना गेला की पोर हातातून गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ग्रेसीने भिंतीवर युरोपचा नकाशा लावला. पट्टी घेऊन रेघ ओढली, हॉलंड, मग जर्मनीची ती मोठी नदी, मग स्वित्झर्लंड. बाप म्हणे रोज दोनशे किलोमीटर, पोरगी म्हणे तीनशे. दोघं जेवताना भांडायचे आणि त्या भांडणात मजेत असायचे. वर माझ्या घरात ऐकू यायचं ना सगळं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ग्रेसीला स्वतःचा पासपोर्टच नव्हता. तेव्हा लहान मुलांचं नाव आईच्या पासपोर्टात असायचं. तिचं नाव फ्लॉरेन्सच्या पासपोर्टात. आणि फ्लॉरेन्स तर ऑक्टोबर त्र्याऐंशीमध्येच गेली होती, तीन दिवसांच्या तापाने. मधल्या काळात बापलेक बेटाबाहेर पडलेच नाहीत, पोरीचं रेसिडेंट कार्ड चालू होतं, म्हणून कोणी विचारलं नाही. आता विचारलं.

एम्बसीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आधी आईच्या पासपोर्टातून नाव कमी करावं लागेल. आईला घेऊन या, तिची सही लागते."

"बाई वारली आहे."

"मग डेथ सर्टिफिकेट आणा. आणि पासपोर्ट."

"पासपोर्ट नाही."

"हरवला? मग हरवल्याचं ॲफिडेव्हिट करा, शपथेवर."

विल्फ्रेड घरी आला. पुढच्या आठवड्यात परत गेला. परत तेच. मग दुसरा फॉर्म, मग फोटो लहान आहे म्हणून दुसरे फोटो, मग परत ॲफिडेव्हिट. गाढव मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, तशी गत. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. प्रत्येक वेळी घोडं त्या एकाच कागदावर अडायचं, आणि प्रत्येक वेळी हा बाबा 'हरवला' म्हणून शपथ घ्यायचं नाकारून परत यायचा.

मी त्याच्यावर खेकसलो. "अरे, एक सही कर आणि मोकळा हो!"

"मी खोटी शपथ घेणार नाही, अँब्रोज," तो म्हणाला. "तो हरवलेला नाही, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. तुम्हालाही आत्ताच सांगून टाकतो.

फ्लॉरेन्सची एकच इच्छा होती, वसईच्या मातीत आईशेजारी पुरावं. विल्फ्रेडने बॉडी घरी न्यायची खूप धडपड केली. आठ दिवस हेलपाटे. ह्याचा कागद आला तर त्याची वेळ संपलेली, त्याची सही आली तर फ्लाईट गेलेली. शेवटी त्याने हात टेकले आणि इथल्या सिमेट्रीत पुरायचं ठरवलं. पेटीचं झाकण बसवायला मीच होतो. तेव्हा त्याने कोटाच्या खिशातून तिचा पासपोर्ट काढला आणि तिच्या हातांखाली, रोजरीच्या माळेखाली, सरकवला. मी म्हटलं, विल्फ्रेड, हे काय? तर म्हणाला, "पासपोर्टशिवाय ती घरी कशी जाणार?"

गल्फमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी झाकण लावलं. स्क्रू मीच पिळले. त्या पासपोर्टात पोरीचंही नाव आहे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

हे तो पोरीला कसं सांगणार? आणि नाही सांगितलं तर पोरगी काय समजणार? ती समजायचं तेच समजली. "यू जस्ट डोन्ट वॉन्ट टू गो, पपा. जस्ट से इट." तिने नकाशा भिंतीवरून फाडला. बोलणं बंद. घरात दोनच माणसं, त्यातलं एक मुकं. विल्फ्रेड माझ्याकडे येऊन नुसता बसून राहायचा. मला त्याचा राग यायचा, आणि दया यायची, आणि परत राग यायचा.

मग त्याने ठरवलं, पासपोर्ट मिळो न मिळो, पोरीला दाखवायचं की आपल्याला जायचंय. एक रात्र व्हॅनमध्ये काढायची. रंगीत तालीम. आपल्या रत्नागिरीच्या मुनाफचं गॅरेज होतं, त्याच्याकडे पाव पोचवायची एक जुनी व्हॅन दुरुस्तीला आलेली. बाजूला सरकता दरवाजा, मागे एक खिडकी. मुनाफ म्हणाला, "घेऊन जा विल्फ्रेडभाय, पण सकाळी दहाला परत पायजे, इंशाल्ला म्हणून दुपार करू नको." विल्फ्रेडने मागे गादी घातली, पडदा बांधला, स्टोव्ह ठेवला.

"रिहर्सल फॉर व्हॉट?" ग्रेसी म्हणाली. "आय डोन्ट हॅव अ पासपोर्ट." पण आली बरोबर.

गुरुवार, अकरा एप्रिल. ईस्टरनंतरचा पहिला गुरुवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी. अस्करच्या पुढे, कारखान्याचे दिवे मागे लांब दिसतील इतक्या अंतरावर, किनाऱ्याला त्याने गाडी लावली. तिथे तेव्हा काही नव्हतं. रस्ता नाही, घर नाही. शिंपल्यांचा चुरा आणि पाणी. अंडी-पाव खाल्ला. साडेनऊला पोरीने परत विषय काढला, ॲफिडेव्हिट का करत नाहीस? तो स्टोव्ह पुसत बसला. ती मागे पडदा ओढून झोपली. मागची खिडकी त्याने दोन बोटं उघडी ठेवली, हवेला. दरवाजा आतून लॉक केला, दोनदा ओढून बघितला. स्टोअरचा माणूस तो. मग पुढच्या सीटवर आडवा झाला.

जाग आली तेव्हा घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

बाहेर कोणीतरी चालत होतं.

शिंपल्यांचा चुरा पायाखाली वाजतो ना, तसा आवाज. त्याला वाटलं पोलिसांची गस्त. उठून काचेतून पाहिलं. चांदणं नव्हतं, पण कारखान्याच्या दिव्यांचा उजेड होता. गाडी नाही. टॉर्च नाही. माणूस नाही.

पाऊल मात्र चालू होतं. सावकाश. गाडीच्या डाव्या अंगाने मागे गेलं. मागून उजव्या अंगाला आलं. थांबलं. परत निघालं. गाडीचा दरवाजा कुठे आहे ते शोधत असल्यासारखं.

नाही, कुत्रं नव्हतं! मी काय सांगतोय? दोन पायांचं पाऊल. मध्ये बोलू नका.

पाऊल मागच्या खिडकीशी थांबलं.

आणि आतून ग्रेसी बोलली.

"हां..."

मग गप्प. कोणी विचारावं आणि आपण ऐकून घ्यावं, तेवढा वेळ.

"इथंच हाय..."

ग्रेसी मराठी बोलत नसे. समजायचं सगळं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. मराठी ती एकाच माणसाशी बोलायची.

"नाय... तो सही करत नाय..."

गप्प.

"हां, आय. येते."

तेव्हा विल्फ्रेडला कळलं. ज्या पासपोर्टात पोरीचं नाव, तो कोणाच्या हातात आहे ते कळलं. मायलेकी एकाच पासपोर्टावर. आई निघाली तर पोरगी तिच्याबरोबर. कायदाच तसा. आणि तो त्यानेच तिच्या हातात दिला होता. स्वतःच्या हाताने.

त्याने पडदा ओढला.

पोरगी उठून बसली होती. डोळे मिटलेले. हात दरवाजाच्या खिट्टीवर.

त्याने मनगट धरलं. थंड नव्हतं. नेहमीसारखं ऊबदार होतं. त्यानेच तो जास्त घाबरला. ती ओढत नव्हती, झगडत नव्हती. फक्त खिट्टी सरकवत होती... हळू... एक बोट... दुसरं...

"फ्लॉरेन्स," तो म्हणाला.

बाहेर काही नाही.

"फ्लॉरेन्स, तिला नको नेऊ."

काही नाही. लाटसुद्धा नाही, म्हणाला. समुद्र थांबल्यासारखा.

"तुला घरी न्यायला पाहिजे होतं मी. नेलं नाही. कागद, कागद करत बसलो. माझी चूक. पण ही... ही माझ्याबरोबर येऊ दे. एकच महिना मागतोय..."

तो रडत होता. मनगट सोडलं नाही.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. मला विचारू नका.

मग त्या दोन बोटं उघड्या खिडकीतून काहीतरी आत आलं. गादीवर पडलं. थप्प. छोटा आवाज.

ग्रेसीचा हात खिट्टीवरून सुटला. ती आडवी झाली आणि घोरायला लागली.

पाऊल फिरलं. पाण्याकडे गेलं. चुऱ्यावर... मग ओल्या वाळूवर... मग नाही.

विल्फ्रेड उजाडेपर्यंत तसाच बसून होता. खाली बघायची हिंमत झाली नाही. बघितलं ते पोरीने. सकाळी उठली, अंगाखालून निळं पुस्तक काढलं, उघडलं, आईचा फोटो बघितला.

आणि बापावर अशी काही भडकली म्हणता!

"यू हॅड इट! ऑल धिस टाइम यू हॅड इट!" तीन महिने मला नाचवलंस, हे तुझ्याच बॅगेत होतं, तुला न्यायचंच नव्हतं, तुला मी इथे अडकून पाहिजे होते... सगळं बोलली. विल्फ्रेडने ऐकून घेतलं. काय सांगणार होता? 'तुझी आई रात्री देऊन गेली' असं? त्याने खाली मान घातली आणि "सॉरी गं बाय" म्हणाला. मुनाफची व्हॅन दहाच्या आत परत केली.

पुढचं सगळं सुरळीत झालं. खिडकीवरच्या माणसाने पासपोर्ट घेतला, ग्रेसीचं नाव कापलं आणि वर ऐकवलं, "बघा, मी म्हणत होतो ना, घरातच असतो!" नऊ मेला पोरीचा नवा पासपोर्ट आला. महिनाभर दोघं फिरून आले, रोज अडीचशे किलोमीटरने. पोरगी खूश होती. पण तिच्या मनातली ती अढी गेली नाही. बापाने लपवून ठेवलं होतं, असंच तिला अजून वाटतं. सुट्टीला येते, तुटक बोलते, आणि विल्फ्रेड ते मुकाट घेतो. मला कधी कधी वाटतं, जाऊन ओरडून सांगावं तिला. त्याने मला शपथ घातलीय. आणि तुम्हीही तोंड उघडायचं नाही, कळलं का?

पण एक राहिलं. त्या शुक्रवारी, पासपोर्ट जमा करायच्या आधी, विल्फ्रेड तो घेऊन ह्या गच्चीवर आला. ह्या कठड्यावर ठेवला. मला हात लावायचा नव्हता. तो म्हणाला, "शेवटची पानं बघ."

पुस्तक कोरडं होतं. ना माती, ना बुरशी. मी पानं उलटली. एका पानावर जांभळ्या शाईचा शिक्का होता, जरा तिरका, घाईत मारल्यासारखा. मुंबई, सहार विमानतळ. आगमन. बहारीनमधून निघाल्याचा शिक्का कुठेच नव्हता, मी सगळी पानं तपासली. मग तारीख वाचली.

फ्लॉरेन्सला आम्ही पुरलं एकवीस ऑक्टोबर त्र्याऐंशीला. शिक्क्यावर होती दोन नोव्हेंबर त्र्याऐंशी. आपल्या मेलेल्या माणसांचा दिवस. त्या संध्याकाळी वसईच्या प्रत्येक सिमेट्रीत मेणबत्त्या लागतात.

मी विल्फ्रेडकडे बघितलं. तो त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवत होता.

"अँब्रोज," तो म्हणाला, "पोचली रे ती."