गेलेल्या पायाला शेक

माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर मी अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात सिस्टर आली. अरे, गल्लीच्या टोकाला राहते ती, नर्स. हसू नका, खरं तेच सांगतोय. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच आईच्या कुशीत जाऊन झोपावं. नोव्हेंबरातला मंगळवार, रात्रीचे सव्वादहा. वडिलांसाठी झोपेच्या गोळ्या न्यायला आली होती. साखरेच्या आजारात म्हाताऱ्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला होता, आणि आग व्हायची ती नेमकी त्या गेलेल्या पायाची! कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. बापाला एक रात्र झोप लागावी, एवढंच तिचं मागणं होतं.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. घरी जाऊन तिनं गोळी दिली. उपयोग शून्य. मग रोजच्यासारखं कोमट पाण्याचं घमेलं आणलं. डावा पाय धुऊन, पुसून झाला की ती उजवीकडच्या रिकाम्या पाण्यातही हात फिरवायची. टाच, घोटा, बोटं, सगळं जागच्या जागी असल्यासारखं. वेडेपणा म्हणा हवं तर, पण म्हाताऱ्याला तेवढाच आराम पडायचा. आणि तिची नजर पाण्याकडे नसायचीच, चेहऱ्याकडे असायची. दुखणं उतरतंय का ते तिथेच कळतं, ही तिची वॉर्डातली सवय.

त्या रात्री म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी सुटली.

"बाबा, बरं वाटतंय?"

"हं... आत्ता कुठे आग थांबली गं."

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. ती अंगठ्यानं बोटांच्या बेचक्या चोळत राहिली. एक. मग दुसरी.

मग तिच्या लक्षात आलं.

डावा पाय टॉवेलात होता. कोरडा.

तिचा हात थांबला. पाण्यात... बोटं हलली. तळहातावर टाच टेकली. थंडगार.

खाली बघायचा धीर होईना.

"सोडू नकोस, बाळा..."



तिनं हात ओढून घेतला.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. बस्स. ते डोळे मग तिलाच मिटावे लागले.

नोकरी सोडली तिनं. परक्यांना जन्मभर हात दिला आणि बापाचा पाय सोडला, हे तिच्या मनातून जात नाही. जाणारही नाही. परवा दुकानात मलम मागायला आली. उजव्या हाताची बोटं बघितली मी. आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी. सुरकुतलेली, ओली. मी रुमाल पुढे केला.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "पुसून कोरडा होत नाही."