मेटॉल आधी!

“मान ताठ, नजर इकडे... आणि मॅडम, प्लीज, हसू नका. पासपोर्टचा फोटो आहे!”

असं दरडावणाऱ्या माणसावर भाळायचा माझा अजिबात इरादा नव्हता. पण डोळे असे होते ना मेल्याचे... जाऊ दे.

एलिया त्याचं नाव, नगरला दिल्ली दरवाज्याजवळ छोटंसं दुकान. फोटोची वाट बघताना मला कपाटात एक काळी टाकी दिसली.

“रोल धुवायची,” तो म्हणाला. “आजोबांची आहे. ते गेल्यापासून बंदच. पण त्यांची वही आहे माझ्याकडे, सगळी कृती लिहिलेली.”

मला एकदम आठवलं. घरी एक रोल होता... पंचवीस वर्षं न धुतलेला!

मी आठ महिन्यांची असताना आई गेली. तिचा आणि माझा एकत्र असा एकही फोटो नाही. होता तो त्या रोलमध्येच. धुवायला दिला आणि बिघडला तर? या धास्तीनं पप्पांनी तो तसाच जपून ठेवला. कोल्हारला पप्पांकडे गेले की मी रोलची डबी हातात घ्यायची नि परत ठेवायची. या वेळी मी ती मागितली. पप्पांनी ती माझ्या हातावर ठेवली, म्हणाले, “ने. पर जपून, लेकरा.”

एलियानं पुण्याहून डेव्हलपरच्या, म्हणजे रोल धुवायच्या द्रावणाच्या, पावडरी मागवल्या: मेटॉल, सल्फाइट वगैरे. त्यासाठी मी तीनदा दुकानात चौकशी केली. फोनवर झाली असती... पण असो!

रविवारी उपासना आटोपून मी थेट दुकानात. शेजारच्या रसवंतीतून त्यानं घमेलंभर बर्फ आणला होता, डेव्हलपर थंड करायला. उजेड लागू नये म्हणून त्यानं काळ्या पिशवीत हात घालून चाचपडत रोल टाकीत भरला. मग कोमट पाण्यात आधी सल्फाइट ओतलं, वहीत होतं तसं. त्यावर मेटॉल. पांढरे कण नुसते तरंगत राहिले.

“विरघळेल हो,” तो ढवळत म्हणाला.

“नाही विरघळणार! शाळेत रसायनशास्त्र शिकवते मी. सल्फाइट आधी पडलं की मेटॉल विरघळत नाही. मेटॉल आधी! ओत ते मोरीत.”

“आजोबांनी चाळीस वर्षं...” तो दुखावला. मग अचानक थांबला, कपाळावर हात मारला आणि हसत सुटला. “अगं... समोरच्या स्टुडिओवाल्याच्या हाती वही लागली तरी त्याला जमू नये, म्हणून म्हातारा क्रम उलटा लिहायचा! आजी सांगायची, मला वाटायचं गंमत करतेय.”

त्याच्या ‘अगं’नं माझे कान तापले. पण मेटॉल उरलं होतं एकाच वेळेपुरतं.

या वेळी तराजू माझ्याकडे. मेटॉल, मग सल्फाइट, मग बाकीचं... पाणी आरशासारखं स्वच्छ! भांडं बर्फात ठेवून आम्ही दोघं थर्मामीटरवर वाकलो. डोकी आपटली. कुणीच मागं सरकलं नाही.

“घाबरलीस?”

“हो. खूप.”

“मीपण,” तो म्हणाला. मला ते फार आवडलं.

त्यानं डेव्हलपर टाकीत ओतला. मिनिटा-मिनिटाला तो टाकी उलटी-सुलटी करी, मी घड्याळ बघे. मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, मग पाणी. त्यानं झाकण उघडलं, फिल्म उजेडात धरली. मी त्याच्या मोबाईलवर तिचा फोटो काढून काळ्याचं पांढरं करून बघितलं.

अंगणात उभी आई. मला कडेवर घेतलेलं. मी तिचं मंगळसूत्र ओढतेय आणि ती खदखदून हसतेय...

“जमलं!” मी ओरडले. अशी ओरडले की रसवंतीवाला धावत आला. रडत, हसत पप्पांना व्हिडिओ कॉल लावला, माझा फोन स्टुलावर टेकवला नि एलियाच्या मोबाईलमधली आई त्यांच्यापुढे धरली. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मरियाच हाय गं... लई हसायची ती.” मग म्हणाले, “कुनी केलं हे?”

“आम्ही दोघांनी. हा एलिया. आणि पप्पा... मला हा आवडतो. लग्न करीन तर याच्याशीच!”

एलिया दोन्ही हातांत ओली फिल्म धरून पुतळा झालेला.

“त्याला इचारलंस का?” पप्पांनी विचारलं.

“अजून न्हाई.”

एलिया फिल्म सांभाळत फोनपुढे वाकला. “ती विचारेल सावकाश, पप्पा. माझं हो आहे.”